छबिलीला लागलेली बाटली

शेजारच्या शीख बीजींचं दार वाजवताना पाळक पद्माकर साळवे यांच्या पदरात पडण्यासारखं पुष्कळ होतं. नोएडाच्या या नव्या सोसायटीत, त्यांच्याच बैठकीच्या खोलीत दर रविवारी जमणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना आज स्वतंत्र मंडळीचा, म्हणजे स्वतःच्या चर्चचा, मान मिळायचा होता. तो मिळाला की पाळकांची बदली टळणार आणि बदली टळली की कुमुदची नोकरी टिकणार. नवऱ्याच्या प्रत्येक बदलीगणिक एकेक इस्पितळ सोडत आलेली ही बाई यंदा कुठे सेक्टरातल्या नव्या नर्सिंग होममध्ये मेट्रन झाली होती. आणि एवढ्या सगळ्यासाठी बीजींकडून आणायची होती फक्त एक बाटली.

"बीजी, वो हमारी बोतल..."

"बोतल? वो तो कल लग गई, पादरीजी!" बीजी ओल्या हातांनीच दारात आल्या. "छबील में! ऐसा रंग आया कि पूछो मत. कुमुद बेटी ने कहा था ना, बीजी, मेरा भी कुछ लगा लेना? मैंने कहा, लो, खुद ही रख गई!"

कुमुद तसं म्हणाली होती खरं. गुरूंच्या शहिदीच्या दिवशी शीख लोक भर उन्हात रस्त्यावर पिंपं मांडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून गोड, थंडगार दूधपाणी पाजतात. ती छबील. कुमुदच्या मनात साखर द्यायची होती. पण शुक्रवारी पाळकांच्या घराची फेज उडाली, बीजींची शाबूत राहिली. प्रभुभोजनाचा, उपासनेत भाकरीबरोबर प्याल्यातून द्यायचा रस उकाड्यात नासू नये म्हणून कुमुदने तो त्यांच्या फ्रिजात ठेवायला नेला. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, मलमलीतून गाळलेला रस. तिच्या नगरच्या आईची रीत. बाटली मात्र सरबताची. बीजी गुरुद्वाऱ्यात गेलेल्या, दार सुनेने उघडलं, आणि कसली बाटली हे तिनेही विचारलं नाही.

पाळकांना राग यायला हवा होता. आलं ते कुतूहल.

"किसने पिया, बीजी?"

"किसने नहीं पिया! बसवाले, ईंटवाले, रिक्शेवाले... एक पुलिसवाला तो बार बार लाइन में लगा, बेशरम!"

"अच्छा किया, बीजी," पाळक म्हणाले. "आप आ रही हैं ना? नौ बजे?"

"लो! तुमने बुलाया है तो आऊँगी नहीं?"

घरी कुमुद पोळ्या झाकून ठेवत होती. "मिळाली?"

"पाजली."

"कुणाला?"

"सगळ्या नोएडाला."

कुमुदला आधी हसू फुटलं. मग ती स्टुलावर बसली. "दुकानं दहाला उघडणार. आणि मनुका रात्रभर भिजल्याशिवाय रंग सोडत नाहीत हो."

तेवढ्यात टॉवेलने मान पुसत हणमंतराव बाहेर आले. दिल्लीच्या थोरल्या मंडळीचे ज्येष्ठ पंच. मान द्यायचा की नाही हे तेच ठरवणार होते आणि त्यासाठी कालपासून मुक्कामाला होते.

"कुमुदताई, एक सांगायचंच राहिलं. काल बसमधून उतरलो तर सरदार लोकांनी हात धरून सरबत पाजलं. चांगले दोन ग्लास! मनुकांचा काय वास होता, वा!"

पाळक आणि कुमुद एकमेकांकडे बघायचं टाळत राहिले. हणमंतराव चहा घेऊन बाल्कनीत गेल्यावर कुमुद पुटपुटली, "सांगून टाकू या?"

"सांगितलं की म्हणणार, प्रभूच्या मेजावरचं दुसऱ्याच्या घरी ठेवलंच कसं. भर सभेत म्हणणार. आणि बीजी समोर बसलेल्या."

"त्यांना मराठी कुठे कळतं?"

"आवाज कळतो, कुमुद. बोट कुणाकडे आहे तेही कळतं."

उपासनेला खोली भरली. बीजी मागच्या ओळीत कुमुदच्या हार्मोनियमपाशी बसल्या, डोक्यावर चुन्नी घेऊन, कुणी उठलं की उठत, कुणी बसलं की बसत. प्रार्थना झाली, वचन झालं. मेजावर भाकर होती.

"पाळकसाहेब," हणमंतराव बसल्या जागेवरून म्हणाले, "प्याला रिकामा का?"

"माझ्याकडून राहिलं."

"राहिलं? लग्नाला नवरदेव विसरलात म्हणा की! ज्याला मेज मांडता येत नाही, त्याच्या हाती मंडळी द्यायची?"

बीजी कुमुदकडे झुकल्या. "क्या हुआ, बेटी? नाराज़ क्यों हैं?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कुमुदने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. निवाडा तिच्यावर सोडला होता.

"कुछ नहीं, बीजी," ती म्हणाली. "गाना शुरू हो रहा है." आणि तिने भाता ओढला.

जून सरायच्या आत बदलीचा हुकूम आला: जालन्याकडचं एक लहान गाव. तिथे दवाखाना म्हणजे आठवड्यातून एकदा येणारी जीप. सोसायटीत सर्वांत जास्त रडल्या त्या बीजी. तुपात भाजलेल्या पंजिरीचा डबा कुमुदच्या हातात कोंबत म्हणाल्या, "इतनी जल्दी ट्रांसफर? किसकी नज़र लगी?"

"ऐसे ही होता है, बीजी," कुमुद म्हणाली. शेवटच्या ड्युटीचे कॅनव्हासचे बूट ती बाल्कनीत बसून पांढरे करत होती. दोरीची भोकंसुद्धा सोडली नाहीत.

तशी फेडायची बाकी कुणाचीच राहिली नव्हती. प्यायले त्यांची तहान भागली, पाजणाऱ्या बीजींना पुण्य लागलं, हणमंतरावांनी दोन ग्लास रिचवून वर शेराही मारला. पाळकांचं काय, ते जालन्याकडेही पाळकच असणार होते. मेट्रन मात्र तिथे नुसती पाळकीणबाई होणार होती.