कोरडा कोबा

बसवराज मिस्त्री विजयसिंहांच्या गच्चीवर आला तो शिव्या देतच. आणि देणार नाही तर काय करणार गडी? बावीस वर्षांपूर्वी ह्याच गच्चीवर त्यानं स्वतः कोबा घातला होता. विटांचे तुकडे बसवून, वर सिमेंटचा माल ओतून, लाकडी थापीनं बडवून बडवून. आठ दिवस पाणी साठवून ठेवलं तेव्हा खाली एक थेंब उतरला नव्हता. आज त्याच कोब्यावर फोडायचं मशीन, ब्रेकर, धडधडत होता, आणि तो लावला होता त्याच्याच धाकट्या भावानं, सोमेशनं.

"बंद कर ते!" बसवराज गरजला.

मशीनवाल्यानं सोमेशकडं बघितलं. सोमेशनं मान हलवली तसा आवाज थांबला.

"अण्णा, उन्हाचं कशाला आलास?" सोमेश म्हणाला. "साहेबांच्या बेडरूमला ओल आलीया. तुझा कोबा गळतोय. हे समदं काढायचं, प्रायमर मारायचा आणि वर डांबरी शीट गॅसच्या टॉर्चनं चिकटवायची. दोन दिवसांत काम खलास. धा वर्सं गॅरंटी. स्लॅबवरचं वझं बी जातंय."

"माझा कोबा गळतोय?"

"मग ओल काय हवेतनं आली?"

हे लागलं बघा. गडहिंग्लजपासून कोल्हापुरापर्यंत बसवराजचं एवढंच तर नाव होतं, की ह्या माणसाचा कोबा गळत नाही. बाप गेल्यावर ज्याला त्यानं खांद्यावर खेळवला, तोच भाऊ आता ते नाव फोडून काढत होता. बसवराज गुडघ्यावर बसला. फोडलेल्या खड्ड्यात हात घालून त्यानं तळाची मूठभर भुकटी वर काढली आणि फुंकर मारली. सगळी उडून गेली.

"कोरडं हाय की रं! आणि भर मे महिन्यात ओल कुठली?"

त्यानं गच्चीभर नजर फिरवली. सोलरच्या टाकीखालचा पाईपचा सांधा पाझरत होता आणि पाणी सरळ भिंतीत मुरत होतं. सोमेश तिकडं बघेना.

"तुला ठावं होतं," बसवराज म्हणाला.

"सकाळीच दिसलं. पर शीटचे रोल येऊन पडल्यात, अण्णा. आता मागं कसं फिरू?"

बसवराजनं त्याच्या अशी कानफटात हाणली की मशीनवाला दोन पावलं मागं सरला. सोमेशनं भावाला ढकललं. बसवराज पाठीवर पडला, विटांच्या तुकड्यांनी त्याचं कोपर सोलून निघालं. तो उठेपर्यंत सोमेशनं टॉर्च पेटवला होता. हातभर जाळ भसाभसा बाहेर आला.

"जवळ येऊ नगंस, अण्णा! आईशप्पथ भाजीन!"

"भाज की! भाज, भाड्या!"

बसवराज तसाच अंगावर गेला. बाहीला जाळ लागला, दंडावरची कातडी चरचरली. त्यानं गॅसची नळी धरून हिसडा मारला. टॉर्च सोमेशच्या हातातनं सुटून रोलवर पडला, डांबराचा काळा धूर उठला. मशीनवाल्यानं धावत जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला. इकडं बसवराजची मूठ सोमेशच्या नाकावर बसली. एकदा, दोनदा. कट्‌ करून हाड मोडलं. रक्तानं भरलेल्या भावाला कॉलर धरून त्यानं कठड्याला दाबला. कंबरेपासून वरचा सोमेश कठड्याबाहेर लोंबत होता आणि खाली दोन मजले होते.

"साहेबांस्नी सांग! न्हायतर सोडतो बघ!"

आरडाओरडा ऐकून विजयसिंह वर आलेच होते. बसवराजनं भावाला आत ओढला, पण कॉलर सोडली नाही.

"साहेब," सोमेश रक्त थुंकत म्हणाला, "कोबा गळत न्हाय. सोलरचा पाईप गळतोय. अण्णाचं काम चोख हाय."

बसवराजची छाती भरून आली. त्यानं विजयसिंहांच्या तोंडाकडं बघितलं.

विजयसिंहांनी पाईप पाहिला, फुटलेली गच्ची पाहिली. "बरं मग? प्लंबरला बोलवतो," ते म्हणाले. "आणि अर्धा कोबा फुटलाच आहे की. उरलेला काढा, शीट टाकून घ्या. हल्ली सगळीकडं तेच करतात. आणि मिस्त्री, मारामारी करायची तर खाली रस्त्यावर जाऊन करा."

बसवराजच्या डोक्यात सणक गेली. मारायला हवं होतं ते ह्या माणसाला. मूठ आपोआप वळली, दात करकरले.

"व्हय, साहेब," तो म्हणाला, आणि भावाच्या रक्तानं माखलेले हात त्यानं जोडले.