डेल्मरच्या दारातली एकतीस भांडी

हॅगन लेकच्या लुथेरन चर्चच्या तळघरात शुक्रवारी पंचकमिटी बसली. कॉफीचे तीन थर्मास संपले, आणि चौथ्याचं झाकण फिरवता फिरवता सर्वानुमते ठरलं, की डेल्मर क्नुटसन प्रभूपासून दूर चालला आहे.

"दोन रविवार," अध्यक्ष आयनार ब्रेक्के दोन बोटं नाचवत म्हणाला. "बायको गेली, दुःख आहे, मान्य. पण दुःखात माणूस चर्चला जास्त येतो की कमी?"

"घंटेचं काय करायचं?" कोरीननं विचारलं. तळघरातल्या फळ्यावर लागणाऱ्या प्रत्येक यादीची मालकीण कोरीन. तिच्या यादीत नाव नसलेला माणूस गावात जन्मला तरी त्याला जन्मल्यासारखं वाटायचं नाही.

चर्चची घंटा डेल्मर वाजवायचा, एकेचाळीस वर्षं. दोर असा ओढायचा की तळ्याच्या पलीकडे बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले लोक टोप्या काढायचे. आणि मासे? मासे भोकातून डोकं वर काढून ऐकायचे, असं सांगणारे आजही हयात आहेत. त्यांतला एक आयनार.

"माझा पुतण्या वाजवतोच आहे. आता कायमचा वाजवेल. रविवारी उपासनेत जाहीर करून टाकू," आयनार म्हणाला. "पण आधी डेल्मरला एक पत्र जायला हवं. धीर देणारं, पण जरा कान पकडणारं. आर्डिस, अक्षर तुझं चांगलं आहे."

आर्डिस हाल्वर्सन मुळातच तापलेली होती. डेल्मरची बायको लव्हॉन तिची जिवाभावाची मैत्रीण. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून लव्हॉनची शवपेटी अजून कबरस्तानातल्या कोठडीत वसंताची वाट पाहत होती. तिच्यामागे तिच्या नवऱ्यासाठी मंडळीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? कोरीनच्या यादीवर एकतीस घरांनी नावं घातली, आणि एकतीस घरांनी हॉटडिश, म्हणजे बटाटे, ट्युना मासा असं काहीबाही घालून ट्रेमध्ये भाजलेलं जेवण, करून पोचवली. प्रार्थनेची साखळी तर आर्डिसनं स्वतः चालवली. तिनं एकीला फोन करायचा, तिनं पुढचीला, अशी बावीस घरं रोज डेल्मरसाठी गुडघे टेकत होती. आणि या बाबाकडून साधा आभाराचा शब्द नाही, की भांडं परत नाही! हॅगन लेकमध्ये भांड्याच्या तळाला पट्टी चिकटवून नाव लिहितात, ते परत यावं म्हणूनच.

तिनं पत्र लिहिलं. "प्रिय बंधू डेल्मर" इथपर्यंत अक्षर गोल होतं. पुढे पेन कागदात रुतत गेलं.

टपालानं पत्र रविवारच्या आत पोचलं नसतं, म्हणून शनिवारी सकाळी ती स्वतःच निघाली. थंडी अशी, की डेल्मरच्या शेजारच्या ओल्सनच्या गोठ्यात दुधाची धार बादलीत पडताना खणखण वाजत होती आणि मांजर दूध चाटण्याऐवजी कुरतडत होतं. आर्डिसनं ट्रक डेल्मरच्या कुंपणाशी उभा केला, पत्र कोटाच्या खिशात घातलं, आणि घराकडे पाहून जागीच थबकली.

डेल्मरच्या घराला दार नव्हतं.

दाराच्या जागी एक भिंत होती. खाली काचेचे चौकोनी ट्रे, त्यांवर चिनी मातीच्या खोल थाळ्या, त्यांवर पातेली, पार छपराच्या वळचणीपर्यंत. धुराड्याच्या उबेनं छपरावरचं बर्फ दिवसा वितळायचं, या भांड्यांवर ठिबकायचं आणि सूर्य कलताच गोठायचं. एकोणीस दिवसांत भांडं भांड्याला असं सांधलं गेलं होतं, की गवंड्यानं शिकवणी लावावी. मधल्या एका काचेच्या ट्रेमध्ये कोरीनची हिरवी जेली होती, किसलेल्या गाजरासकट. दाराच्या काचेपलीकडच्या दिव्याचा उजेड तिच्यातून हिरवा होऊन येत होता, चर्चच्या रंगीत खिडकीसारखा. आणि त्या खिडकीत एक हिरवा चेहरा होता.

"कोण? आर्डिस का गं?" चेहऱ्यानं विचारलं.

"डेल्मर! अरे, तू आत काय करतोयस?"

"मी इथेच राहतो."

"ते माहीत आहे मला! बाहेर का येत नाहीस?"

"दार बाहेरच्या बाजूला उघडतं ना," डेल्मर शांतपणे म्हणाला. दार त्यानं बोटभर ढकलून दाखवलं. ते भिंतीला टेकलं आणि थांबलं. बोलायला फट तेवढी मिळाली. "मागच्या दाराला बर्फाचा ढीग लागलाय, खिडक्यांवर हिवाळ्याच्या जाड काचा बाहेरून स्क्रूनं बसवल्यात. आणि माझा गुडघा तुला माहीत आहेच. तसं बरं चाललंय. वाईट नाही."

"वाईट नाही? एकोणीस दिवस खातोयस काय?"

"तळघरात लव्हॉननं घातलेलं बीटचं लोणचं आहे."

"तुला तर बीट बघवत नाही!"

"हो. पण ते चांगलं टिकतं."

आर्डिसच्या कानशिलावर शीर उडायला लागली. "आणि फोन? फोनला काय धाड भरली होती रे? कुणालाही एक फोन करायचास, की बाबांनो, तुमची भांडी उचला!"

डेल्मर हिरव्या उजेडात जरा ओशाळला. "ते कसं दिसलं असतं, आर्डिस? लोक एवढ्या थंडीत, एवढ्या मायेनं घेऊन आले. आणि मी म्हणू की ते माझ्या वाटेत येतंय? पहिल्या दिवशी दोनच होती. म्हटलं, कुणीतरी दार वाजवेल, मग सांगू. आयनारनं वाजवलंही. मी गुडघा सावरत दारापाशी येईपर्यंत त्याची गाडी वळणावर होती. फोनही आला नाही कुणाचा. आधी प्रार्थनेच्या साखळीत मी सातवा होतो. माझ्या फोनची घंटा ठरल्या वेळी वाजायची. आता वाजत नाही. म्हटलं, माझं नाव काढलं असेल."

काढलं होतंच. आर्डिसनंच काढलं होतं. डेल्मरला सध्या त्रास नको, सहाव्यानं थेट आठव्याला फोन करावा, असं तिनं स्वतः सगळ्यांना बजावलं होतं. बावीस घरांतून रोज याच्यासाठी फोन खणखणत होते, आणि सगळ्या गावात मुका फोन एकच होता, ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याचा.

"रविवारी मी खिडकीशी बसतो," डेल्मर म्हणाला. "घंटा ऐकू येते. कोण वाजवतंय? चांगला आहे, पण दोर लवकर सोडतो. दुसरा ठोका पंगू पडतो. ठेवा त्यालाच. मी बहिणीकडे ॲरिझोनाला जायचं म्हणतोय. तुम्हा सगळ्यांना माझा आधीच फार व्याप झालाय."

खिशातलं पत्र आर्डिसला निखाऱ्यासारखं लागलं.

ती ट्रककडे गेली आणि तळ्यावर बर्फाला भोक पाडायची पहार घेऊन आली. पुढे जे झालं ते ओल्सननं आपल्या गोठ्यातून पाहिलं, आणि त्याला आजवर कुणी खोटं पाडलेलं नाही. आर्डिस भिंतीच्या पायाशी घाव घालत होती, आणि प्रत्येक घावाला एक वाक्य हाणत होती.

"दारापर्यंत येतात, आत येत नाहीत! यादीवर खूण केली की झालं! बाई, त्याला पुसलंस का, जेवलास का रे? नाही! ढिगावर ढीग दिसतोय, खालचं कुणी नेलेलं नाही, तरी वर आपलं ठेवून मोकळी! येशू लोकांच्या घरात शिरून त्यांच्या ताटाला ताट लावून जेवला, पायरीवर डबा ठेवून पळाला नाही!"

शेवटच्या घावासरशी सगळी भिंत अखंड कलली आणि भसकन बर्फात आडवी पडली. काच फुटली नाही, जेलीसुद्धा हलली नाही. तळ वर आला. सगळ्यात खाली, पायाच्या दगडाच्या जागी असलेल्या ट्रेवर पट्टी होती. निळ्या शाईत, गोल, सुबक अक्षर: आर्डिस हाल्वर्सन.

तिच्या हातातली पहार गळून पडली.

तिला आठवलं. लव्हॉनच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी ती आली होती. आत दिवा होता. आत गेलो तर रडू येईल, आपल्यालाही आणि त्यालाही, म्हणून ट्रे ठेवला होता, आणि दार न वाजवताच धावत ट्रक गाठला होता.

डेल्मर उंबऱ्यात उभा होता. त्याची दाढी वाढलेली होती. तो म्हणाला, "आत ये. कॉफी आहे. सोबत मात्र बीटच."

आर्डिस आत गेली. पत्र तिनं बाहेर काढलं, त्याला दाखवलंसुद्धा नाही, लव्हॉनच्या चुलीत घातलं. मग ती टेबलाशी बसली, बीट खाल्लं, आणि दोघंही दुपारपर्यंत लव्हॉनबद्दल बोलत राहिली. रडलीही. ॲरिझोनाबद्दल ती फक्त एवढंच म्हणाली, "उद्या मी साडेआठला तुला न्यायला येते. नंतर जिकडे जायचं तिकडे जा."

रविवारी आयनार वेदीपाशी उभा राहून घंटेच्या नव्या व्यवस्थेचा कागद उलगडत होता, तेवढ्यात मागचं दार उघडलं. मासे ओढून आणायची लांब घसरगाडी मधल्या वाटेनं सरसरत आली. दोर आर्डिसच्या खांद्यावर होता, आणि गाडीवर ती एकतीस भांड्यांची भिंत, जशीच्या तशी.

"आर्डिस, हे काय?" आयनार म्हणाला.

"तुमच्या पत्राचं उत्तर."

"उपासना चालू आहे, बाई!"

"मग ऐका उपासनेतच. डेल्मर प्रभूपासून दूर चालला नव्हता. तो घराबाहेरच पडू शकत नव्हता. त्याच्या दारात आपण भिंत बांधली. विटा मोजून घ्या, प्रत्येकीवर नाव आहे." तिचा आवाज चढला. "पहिलं माझं. आर्डिस हाल्वर्सन. धीर द्यायला गेले आणि घाबरून पळाले. पुढचं, आयनार ब्रेक्के. तू दार वाजवलं होतंस, आयनार. त्याचा गुडघा माहीत असून त्याला दारापर्यंत यायलाही वेळ दिला नाहीस. पुढचं, कोरीन."

"माझा ट्रे फुटला नाही ना गं?" कोरीनच्या तोंडून निघून गेलं. आणि मग तिला, भर चर्चमध्ये, आपण काय बोललो ते कळलं. ती गाजरासारखी लाल झाली.

"एकोणीस दिवस आपण त्याच्यासाठी देवाशी बोलत होतो," आर्डिस म्हणाली. "त्याच्याशी कोण बोललं? हात वर करा. कुणीतरी करा! मला खोटं पाडा!"

एकही हात वर झाला नाही. चौथं नाव वाचायला ती वाकली, आणि डोक्यावर घंटा वाजली.

उपासनेच्या मध्ये घंटा वाजायची पद्धत हॅगन लेकमध्ये नव्हती. पण ती वाजली. पहिला ठोका भरीव, आणि दुसराही तितकाच. आयनारचा पुतण्या मनोऱ्याखालच्या दारातून डोकावून म्हणाला, "काका, मी दिला नाही दोर. त्यांनी मागितलासुद्धा नाही. नुसता हात पुढे केला."

आयनारनं हातातल्या कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, खिशात घातला. मग तो वेदीवरून उतरला आणि मनोऱ्याकडे गेला. त्याच्यामागे कोरीन गेली, मग बाकावरची माणसं एकेक करून. तिथे दोर धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याभोवती जागा तरी किती? तरी सगळी मावली.

"एवढे सगळे कशाला आलात?" डेल्मर ओशाळून म्हणाला. "मी ठीक आहे. वाईट नाही."

"ठीक नाहीस तू," आर्डिस म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "आणि आज तुझ्या घरी जेवायला एकतीस घरं येतायत. काय काय आवडत नाही ते आत्ताच सांग."

डेल्मरनं दोर आणखी एकदा ओढला, घंटा पूर्ण वाजू दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "ट्युना."

कोरीननं पर्समधून पेन्सिल काढली, लिहून घ्यायला. मग तिनं आर्डिसकडे पाहिलं, पेन्सिल परत ठेवली, आणि डेल्मरचा हात धरला.

तळ्यावर त्या दिवशी मासे किती वर आले, ते ओल्सनला विचारा.