जागा मोकळी होत नाही

ऑफिसात मला मास्तर म्हणतात, कारण कीबोर्डवर कुणी चुकलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. ताईंच्या बाबतीत मात्र मी जिभेवर ताबा ठेवायचो. मुलांपायी आठ वर्षं घरी राहून त्या प्रोग्रॅमिंगमध्ये परतल्या होत्या, आणि त्यांना कायम करायचं की नाही ते महिनाअखेर ठरणार होतं.

दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या, चेहरा पांढराफटक.

"मास्तर, सर्व्हरची डिस्क भरली होती. तुमच्या टिपांमधली मोठ्या फायली शोधून उडवणारी कमांड चालवली. त्यात पुलाची फाईल गेली."

नदीवरच्या पुलाला बसवलेल्या यंत्रांनी सहा आठवडे टिपलेले हादरे त्या फायलीत होते. पूल चालू ठेवायचा की बंद, ते त्यावरून ठरणार होतं. दुसरी प्रत नव्हती. आणि 'आधी यादी बघा, मग उडवा' हे टिपांमध्ये लिहायचं माझंच राहून गेलं होतं.

"एवढी मोठी फाईल गेली तरी डिस्क भरलेलीच दाखवतेय. सर्व्हर बंद करून चालू करू का?"

"बटणाला हात लावू नका."

आमच्या सर्व्हरवर लिनक्स ही प्रणाली होती. तिच्यात फाईल डिलीट केली की आधी फक्त तिचं नाव जातं. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून धरली असेल, तर तो थांबेपर्यंत आतला मजकूर शाबूत राहतो; सर्व्हर बंद केला की तोही थांबतो आणि मजकूर कायमचा जातो. जागा मोकळी होत नव्हती, म्हणजे हादरे टिपणारा प्रोग्रॅम फाईल धरून बसला होता. कुणी काय धरलंय हे दाखवणारी एलसॉफ कमांड चालवली. फाईल होती, पुढे 'डिलीटेड' असा शेरा. तिथूनच मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतला. चाळीस मिनिटं ताई खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. शेवटची नोंद जुळली तेव्हा आम्हा दोघांचाही जीव भांड्यात पडला.

"आता कुठे बोलू नका," मी म्हणालो. "झाकली मूठ."

"नाही मास्तर, सगळ्यांना मेल टाकते. उद्या दुसऱ्या कुणाकडून असं झालं, तर तो आधी बटणच दाबेल."

"कायम करणार नाहीत तुम्हाला."

"मग नाही करणार." त्या उठल्या. "पण तुम्हाला हे कसं ठाऊक होतं?"

"वाचलं होतं कुठेतरी."

तासाभरात मेल आला. पहिलंच वाक्य होतं, 'आज माझ्या हातून पुलाची फाईल डिलीट झाली.' खाली काय करायचं ते क्रमाने, सोप्या शब्दांत. मला स्वतःची लाज वाटली. मी सगळ्यांना जाणारं उत्तर लिहायला घेतलं:

'चार वर्षांपूर्वी धरणाच्या नोंदी गेल्या, तेव्हा डिस्क खराब झाल्याचं मी सांगितलं होतं. डिस्क ठणठणीत होती. फाईल मी उडवली होती, आणि घाबरून बटणही मीच दाबलं होतं.'