काठाबाहेरचं बटण

मित्रांनो, चाचणीच्या टेबलावर सात पडदे मांडलेले असतात, त्यांत सगळ्यात लहान पडदा माझा. मी बटणांचा एक जुना फोन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझं फार कौतुक झालं होतं. "पडला तरी फुटत नाही!" आता माझ्या पाचाच्या बटणावरचा आकडासुद्धा पुसला गेलाय.

या कचेरीत मला ताईंनी आणलं. दूरच्या यंत्राची बटणं कुठल्याही पडद्यावर दिसावीत, तिथूनच दाबता यावीत, यासाठी यंत्राने आणि पडद्याने एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम त्या ठरवत. पहिलं काम होतं एका धुलाई केंद्रातल्या कपडे वाळवायच्या मोठ्या यंत्राचं.

ताईंच्या वरच्या साहेबांनी सोपा मार्ग धरला. यंत्राच्या पडद्याचं चित्र जसंच्या तसं पाठवायचं. मोठ्या पडद्यांवर ते झकास दिसलं. माझ्यावर मात्र डावीकडचा वरचा कोपरा तेवढा मावला. 'थांबवा' हे बटण राहिलं उजवीकडे खाली, माझ्या काठाबाहेर. तिथवर पोचायला बाण एकोणीस वेळा दाबावा लागे.

"साहेब, चित्र नका पाठवू," ताई म्हणाल्या. "हे थांबवायचं बटण आहे आणि ते आधी दिसलं पाहिजे, एवढंच यंत्राने सांगावं. कुठे मांडायचं ते प्रत्येक पडदा आपल्या जागेप्रमाणे बघेल."

"अहो, हा डबा वापरतं कोण आता? काढा त्याला चाचणीतून."

ताईंनी तीनदा लेखी कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "पुढच्या वेळी बघू." साहेबांची चित्राची पद्धत धुलाई केंद्रात सुरू झाली आणि मला खणात टाकलं. गुंडाळलेल्या वायरींमध्ये पडून माझा नुसता जळफळाट व्हायचा. दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यात हयात गेली, पण स्वतःचा एक निरोप काही पोचवता आला नाही.

चार महिन्यांनी ताईंनी खण ओढला. धुलाई केंद्रात वाळवणी सांभाळणाऱ्या मावशींकडे माझ्याच जातीचा फोन होता. यंत्रातून धूर निघाला तेव्हा त्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला होत्या. बाण दाबत राहिल्या, बटण काही येईना. शेवटी धावत गेल्या आणि यंत्र थांबवायला तापलेलं दार हाताने ओढलं. उजवा तळवा भाजला.

ताईंनी मला साहेबांपुढे ठेवलं. "'थांबवा' दाबून दाखवा."

साहेब बाण दाबत राहिले. अकराव्या वेळी त्यांनी मला खाली ठेवलं. "चुकलं माझं. लिहा तुमचा नियम."

सगळं नव्याने बांधायला पाच महिने गेले, पण मुळातला नियम अडीच ओळींचा होता. तेवढ्यासाठी एका बाईचा तळवा भाजावा लागला, याचा संताप मला अजून आवरत नाही.

चाचणीला ताईंनी मावशींनाच बोलावलं. माझ्या पहिल्याच ओळीत 'थांबवा' उमटलं. मावशींनी डाव्या अंगठ्याने ते दाबलं आणि टेबलापलीकडचं यंत्र थांबलं. ताई हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

"आधी का नाही विचारलंत मला?" एवढंच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, उद्या तुम्ही यंत्रांना बोलायला शिकवाल. जुन्या फोनांना जपा, असं मी म्हणणार नाही. माझी बॅटरी फुगलीय, माझे दिवस भरले. पण कुठलाही फोन निकामी ठरवण्याआधी जागेवरून उठा. तो ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे जा, आणि तो माणूस बटण कसं शोधतो, हे घटकाभर शेजारी बसून बघा.