नऊ ट्रॉल्या माती

नागसेनच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. नागसेन माझा जुना विद्यार्थी, आता बांधकामाचा इंजिनिअर. त्यानं लिहिलं होतं, "गुरुजी, तुम्ही भूगोलात शिकवलंत की आपलं पठार टणक आहे, इथं भूकंप होत नाही. ते खरं नव्हतं. तुमच्या माळवदावरची माती उतरवली का? धक्का बसला तर एवढं ओझं अंगावर येईल."

काय उत्तर देणार? उतरवणं दूरच, गळू नये म्हणून दर वैशाखात मी आणखी माती टाकत होतो. शिवाय ते माळवदाचं छत माझ्या एकट्याचं नाही. अर्धं माझं, अर्धं पुतण्या रखमाजीचं. लाकडी तुळया सलग. एकानं माती काढली तर पाणी दुसऱ्याच्या घरात उतरणार.

यंदा होळीच्या आधी एका सकाळी फळीवरची भांडी खणखणली. रखमाजीच्या अर्ध्यात तुळयांमधून माती गळाली, ती थेट त्याच्या महिन्याच्या नातीच्या पाळण्यात. धीर करून मी त्याला म्हटलं, "माती काढू या का?"

"गुरुजी, तुमीच शिकवलं न्हवं का, पठार हालत न्हाई म्हून?" रखमाजी म्हणाला. "पाठ न्हवतं तर दोन छड्या खाल्ल्या व्हत्या म्या तुमच्या हातच्या. आता हालतंय व्हय?"

मी घरात आलो. धडा पुस्तकातला होता, पण छड्या माझ्या होत्या.

आठवड्यानं गावात भूकंपाचा सराव घ्यायला एक साहेब आले. मारुतीच्या पारावर फलक बांधला. "धक्का जाणवला की टेबलाखाली बसा," साहेब म्हणाले.

रखमाजीची बायको साळूबाई उभी राहिली. "सायब, टेबल कोनाकडं हाय? गावात एकच, पंचायतीत. नातीला घिऊन तिथपोतर पळू का? अन् सरपंच आधीच खाली बसलेले असले मंग?"

तेच टेबल पारापाशी आणलं गेलं. फोटोसाठी सरपंच खाली शिरले आणि पोटाशी अडकले. चौघांनी टेबल उचललं तेव्हा सुटले. साहेबांनी कागदावर लिहिलं, "सराव यशस्वी." मग विचारलं, "कुणाला शंका?"

मी उभा राहिलो. का राहिलो, अजून कळत नाही. "मी बत्तीस वर्षं शिकवलं की पठार हालत नाही. ते चूक होतं. रखमाजी, त्या दोन छड्या मला परत मार, पण माती काढ."

सगळा पार हसला. मागून माझा जुना विद्यार्थी भागवत ओरडला, "गुरुजी, मंग माह्यं नापास बी वापस घ्या की!"

साळूबाई तेवढी हसली नाही. नवऱ्याला म्हणाली, "दात काय काढून राह्यले? पाळण्यातली माती म्या झाडली. उठा, फावडं घ्या."

"अन् गळलं तर?"

"गळू द्या. पाण्याखाली कुनी दबून मरत न्हाई."

दोन दिवस माती निघत होती. नऊ ट्रॉल्या भरल्या. नऊ ट्रॉल्यांखाली आम्ही इतकी वर्षं पांघरूण घेऊन सुखानं झोपत होतो.

वर पत्रे आले. तिसऱ्या दिवशी वारं सुटलं, तर रखमाजी शेतातले धोंडे पत्र्यावर चढवायला लागला. एक बरोबर पाळण्याच्या वर.

मी शिडीखाली गेलो. "धोंडे खाली घे. पत्रा हुकांनी आवळ."

"आता रोजच चुका काढता का गुरुजी?"

"हो."

संध्याकाळपर्यंत त्यानं धोंडे उतरवले, हूक आवळले. एक धोंडा मात्र माझ्या अर्ध्यावर सरकवून ठेवला. "तुमच्या अर्ध्यावर मी कशाला बोलू!"

मग मी कागद घेतला. तीन कागद फाडले, चौथ्यावर लिहिलं, "चि. नागसेन, मी शिकवलं ते चूक होतं. माती उतरवली. रखमाजीची नात आता हलक्या छपराखाली निजते. एक धोंडा राहिला आहे, तो माझ्या डोक्यावर आहे. उद्या काढतो."

बसनं तालुक्याला, भोकरदनला गेलो. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि लगेच फटीत बोटं घालून पाहिलं, परत निघतं का.

नाही निघत.