बारक्यावर उगारलेली चप्पल

बारक्या दारात उभा राहून हसत होता आणि ते हसू परक्याचं होतं. त्याच्या जबड्यात एका निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी होती, कालच घासून, पॉलिश करून तयार ठेवलेली.

"सोड," कवळीवाला म्हणाला. "सोड रे राजा. मास्तरांना उद्या भाषण करायचंय."

बारक्याने शेपूट हलवली. शेपटीने पेला उडवला, पेल्यातल्या पाण्याने प्लास्टरचे साचे भिजवले. कवळीवाल्याच्या ताईने त्याचं नाव ठेवलं तेव्हा तो चपलेएवढा होता. आता वासराएवढा झाला होता, पण ही बातमी त्याला कुणी दिली नव्हती. नोकरीसाठी लांब जाताना ताई म्हणाली होती, "जरा सांभाळ, सोय लागली की नेते." सोय लागली, ताईची.

"थांब मेल्या," खुर्चीतून आवाज आला, आणि आई उठली.

ही काही साधी गोष्ट नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचा डावा पाय तिचं ऐकत नव्हता. व्यायामवाल्या बाई रोज येऊन "आजी, एकदाच उठा बरं" म्हणून आळवायच्या, आणि आई त्यांच्याकडे दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तशी बघायची. पण बारक्याने काही पाडलं, की ती पायातली चप्पल काढायची, खुर्चीचे हात धरून उभी राहायची आणि त्याच्या मागे जायची. तोवर बारक्या स्वयंपाकघरात पोचून तिथलं काहीतरी पाडत असे. आई तिकडे वळायची. असा सगळ्या घराला फेरा व्हायचा. चप्पल त्याला कधीच लागली नाही. बाई वहीत 'प्रगती उत्तम' लिहून स्वतःवर खूश होत्या.

त्या दिवशी मात्र चप्पल बघून बारक्या आनंदाने गर्रकन वळला. वळताना आपला मागचा भाग कुठे जातो, याची चौकशी त्याने आजवर केली नव्हती. आई पडली.

"मनगटावर निभावलं," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी मांडीचं हाड जाईल. मग त्या कायमच्या अंथरुणात. कुत्रा की आई, तुम्ही ठरवा."

ज्यांच्यासाठी तो कवळ्या बनवायचा, त्या दातांच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच विचारलं, "चावलेली कवळी पेशंटला कशी देऊ? तुम्ही घालाल?"

कवळीवाल्याने ठरवलं. गावाबाहेरच्या नर्सरीवाल्याकडे ऐसपैस जागा होती. "राहू दे," तो म्हणाला, "इथे काय पाडणार?" त्याच्या मागे कुंड्यांच्या रांगा होत्या. कवळीवाल्याने तिकडे बघायचं टाळलं. बारक्याने निरोप म्हणून त्याच्या पायावर पाय दिला आणि तिथेच उभा राहिला.

घर शहाण्यासारखं वागू लागलं. पेले जागच्या जागी राहिले, साचे सुकले, कवळ्या वेळेवर जाऊ लागल्या. आई खुर्चीत बसली ती बसलीच.

"आई, चल, दारापर्यंत."

"कशाला?"

  आई चप्पल मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसायची. डावा पाय दिवसेंदिवस काठीसारखा व्हायला लागला.

"दादा, अशाच बसून राहिल्या तर पाय आखडेल," बाई जाताजाता हळूच म्हणाल्या. "मग कुणाच्याच हातात काही नाही." चपला घालता घालता त्या थांबल्या. "तो कुत्रा कुठेय हो?"

काम तसंच टाकून कवळीवाला नर्सरीकडे धावला.

"तो होय?" नर्सरीवाला म्हणाला. "तो दुसऱ्याच दिवशी कुंपण घेऊन गेला. मला वाटलं, तुमच्याकडेच आला असेल."

मग कवळीवाला रस्तोरस्ती हाका मारत फिरला. वासराएवढा, तपकिरी, दिसेल त्याला धडकणारा, असं वर्णन करून करून त्याच्या तोंडाला कोरड पडली. चहाच्या टपरीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. "तो इथून गेला असता," तो म्हणाला, "तर ही टपरी राहिली असती का?"

दिवस मावळताना तो घरी आला. आई तशीच बसली होती. तिच्याकडे बघता बघता त्याचा धीर सुटला. त्याने फडताळातून नमुन्याची कवळी काढून दातांत धरली, गुडघे टेकले आणि हातापायांवर रांगत टेबलापाशी गेला. शेपूट नसल्यामुळे पेला खांद्याने पाडावा लागला.

आईच्या हातातली चप्पल वर झाली. दुसऱ्या हाताने तिने खुर्चीचा हात पकडला. कवळीवाला ओणवा राहून वाट बघत होता. मार, तो मनात म्हणत होता, उठून एकदा मार.  आई खुर्चीतून किंचित वर आली आणि परत टेकली.

"काढ ते तोंडातून," ती म्हणाली. "लोकांना दाखवायचं असतं."

त्याने कवळी काढली.

"नाही ना सापडला?"

त्याने मान हलवली.

"ऊठ बाबा. गुडघे दुखतील तुझे."

त्याला उठता येईना. सांडलेलं पाणी फरशीवरून सावकाश तिच्या पायांकडे निघालं होतं. आईने वाकून चप्पल खाली ठेवली, दुसरीच्या शेजारी, कोरड्या जागेत. मग पायाच्या बोटाने सरकवून दोन्हींची तोंडं दाराकडे केली.