जपून ठेवलेला डी ड्राइव्ह

मी काकूंच्या कॉम्प्युटरमधला डी ड्राइव्ह बोलतोय. एकाच डिस्कचे आम्ही दोन भाग. सी थोरला, मी धाकटा. सगळं घर चालवणारी विंडोज सीकडे. माझ्याकडे मात्र नुसती मोकळी जागा.

काकू भरतकामाचं दुकान चालवतात. चांगली वस्तू वापरायची नाही, जपून ठेवायची, हा त्यांचा खाक्या. कपाटातल्या नव्या कपांतून अजून कुणी चहा प्यायलेलं नाही. माझंही तेच. "डी मोकळाच राहू दे, कसा छान दिसतो," म्हणायच्या. नवा प्रोग्राम बापडा विचारायचा, कुठे बसवू? पण वाचतंय कोण! नेक्स्ट, नेक्स्ट, की चालला सीकडे. थोरल्याला श्वास घ्यायलाही जागा उरली नाही.

काल दुपारी व्हायचं तेच झालं. नातीच्या फुटबॉल टीमच्या जर्सींवर नावं भरायची होती, आज सकाळी मॅच, आणि जागेअभावी भरतकामाचं मशीन चालवणारा प्रोग्राम अडकून बसला. काकूंनी मन घट्ट करून त्याचं फोल्डर सीमधून उचललं आणि माझ्याकडे आणून ठेवलं. मी तर हरखूनच गेलो. पण प्रोग्राम काही उघडेना.

"बघ, डीच खराब निघाला," काकू सुनेला म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. "आता पोरी बिननावाच्या खेळणार. नातीला काय तोंड दाखवू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, डीचा काय दोष?" सून म्हणाली. "शिलाई मशीन या खोलीत आणलं आणि मोटर, पॅडल तिकडेच राहिलं, तर चालेल का? प्रोग्राम नुसता उचलून चालत नाही, नव्याने बसवावा लागतो."

तिने फोल्डर होतं तिथे परत ठेवलं, प्रोग्राम रीतसर काढून टाकला आणि पुन्हा बसवायला घेतला. कुठे बसवू, असं पडद्यावर आलं. सवयीने काकूंचं बोट नेक्स्टकडे निघालं.

"अहो आई, वाचा तरी."

काकूंनी चष्मा लावला. सी खोडून स्वतःच्या हाताने डी लिहिलं. थोड्याच वेळात भरतकामाचं मशीन खडखडू लागलं आणि पहिल्या जर्सीवर नातीचं नाव उमटलं. मग काकू उठल्या आणि कपाटातले नवे कप काढले.

"आज हे?" सुनेने विचारलं.

"वापरायलाच आणलेत ना," काकू म्हणाल्या.

सकाळी पोरी नावानिशी मैदानात उतरल्या. मी आता कामाला लागलोय, थोडा दमतोय आणि फार सुखात आहे. तुमच्याकडेही असा एखादा धाकटा रिकामा बसला असेल. पुढच्या वेळी नेक्स्ट दाबण्याआधी त्याला एक हाक मारा. तो केव्हाचा तयार होऊन बसलाय.